कमी उंचीची देशी रानफुलं, बियांपासून लॉनपर्यंत: प्रकल्प नोंदी

१८ ऑक्टोबर. जाती ठरवल्या

जागा १२ चौरस मीटरची, जुन्या लॉनची. गवत बहुतेक हरळी, मधे मधे लव्हाळा. ऊन दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त. पट्टे तीन, प्रत्येकी १ × ४ मीटर. पट्टा अ: गवत आहे तसं ठेवून वरून बी फेकायचं. पट्टा ब: गवत ठेवायचं, पण प्रोट्रेमध्ये (रोपं वाढवायच्या छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) तयार केलेली रोपं लावायची. पट्टा क: गवत पूर्ण काढून, माती उन्हात तापवून, थेट बी पेरायचं.

जात निवडताना कसोट्या चार लावल्या. झाड १५ सेंमीच्या आत फुलावं किंवा ७ सेंमीवर कापलं तरी खालून फुलत राहावं. या भागातल्या माळावर, बांधावर ते आपोआप उगवणारं असावं. अधूनमधून पाय पडले तर मरू नये. आणि स्वतःचं बी स्वतः पाडावं, म्हणजे दरवर्षी नव्याने पेरावं लागणार नाही.

या चाळणीतून पाच उरली. विष्णुक्रांता, शास्त्रीय नाव एव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉयडीस. रानमेथी, डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. शेवरा, अ‍ॅलिसिकार्पस व्हजायनॅलिस. उभा वाढू दिला तर गुडघ्याला लागतो, पण कापणीखाली मुकाट्याने जमिनीसरशी पसरतो. करंबल, जस्टिशिया प्रोकम्बेन्स. आणि ओलसर कडेसाठी जलपिंपळी, फायला नोडिफ्लोरा.

बाद केलेल्यांची कारणंही लिहून ठेवावीत, कारण हीच झाडं पुन्हा पुन्हा सुचवली जातात. एकदांडीवर फुलपाखरं भरपूर येतात, पण ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे, आणि ती लावावी लागत नाही, आपणहून येतेच. पिवळ्या फुलांची वेडेलिया तिथलीच; एकदा रुजली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. लॉनऐवजी सर्रास लावला जाणारा पिवळ्या फुलांचा शोभेचा भुईमूग ब्राझीलचा. सर्वात फसवणारं झाड मात्र रोपवाटिकेतली 'निळी शंखपुष्पी'. मोठ्या निळ्या फुलांचं ते एव्हॉल्व्ह्युलस दक्षिण अमेरिकेतलं आहे आणि फाट्यांपासून वाढवलं जातं. आपल्या विष्णुक्रांतेचं फूल जेमतेम ५ ते ८ मिमीचं असतं आणि फांद्या जमिनीला चिकटून चालतात. फूल नाण्याएवढं दिसलं तर ते झाड आपलं नव्हे.

६ नोव्हेंबर. बी गोळा केलं

नियम चार पाळले. जमीनमालकाची परवानगी घ्यायची. एका ठिकाणच्या पिकलेल्या बियांपैकी दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. आणि कमीत कमी ३० ते ५० झाडांकडून थोडं थोडं. एकाच भरगच्च झाडावरून मूठभर बी ओरबाडणं सोपं असतं, पण मग सगळं लॉन एकाच आईची लेकरं होतं आणि एखाद्या कोरड्या वर्षात सगळं एकदम माना टाकतं. संरक्षित क्षेत्रातलं बी उचलायचं नाही.

विष्णुक्रांतेची बोंडं वाटाण्यापेक्षा बरीच लहान, खाली झुकलेली. देठ वाळून तपकिरी झाला आणि बोंड कागदासारखं कोरडं झालं की चार फाकांनी उकलतं. आत सहसा चार बिया, काळपट-तपकिरी, गुळगुळीत. नखाने दाबून बघावं: खूण उमटली तर बी कच्चं, नख घसरलं तर पक्कं.

रानमेथी आणि शेवऱ्याच्या शेंगा पेरापेरांनी तुटतात. प्रत्येक पेरात एक बी. रानमेथीची पेरं बारीक आकडेदार केसांमुळे कापडाला चिकटतात, म्हणून जाड सुती रुमाल झाडांवरून अलगद फिरवला की पक्की पेरं तेवढी रुमालावर येतात. वेचण्यापेक्षा हे कितीतरी वेगाने होतं.

करंबलाची बोंडं वाळताना फुटून बी लांब उडतं. म्हणून ती पूर्ण वाळायच्या आत, पिवळट असतानाच कणसासकट खुडून कागदी पिशवीत तोंड दुमडून ठेवली. दोन दिवस पिशवीतून टिकटिक ऐकू येते. आवाज थांबला की बी मोकळं झालं. प्लास्टिकची पिशवी वापरली तर ओल कोंडून बुरशी येते.

प्रत्येक पिशवीवर जात, तारीख, जागेचा प्रकार (माळ, बांध, ओलसर कड) आणि किती झाडांकडून घेतलं तो आकडा लिहिला.

२३ नोव्हेंबर. साफसफाई आणि साठवण

पेरं दोन लाकडी फळ्यांमध्ये हलकेच चोळून बी सुटं केलं. फळ्यांच्या आतल्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलं, नाहीतर बी चिरडतं. मग २ मिमी आणि १ मिमीच्या चाळण्या, आणि शेवटी सुपाने पाखडलं. जलपिंपळीचं फळ दोन तुकड्यांत फुटतं; ते तुकडेच बी म्हणून पेरायचे, त्याहून जास्त सोलत बसू नये.

सावलीत दहा दिवस वाळवलं. काचेच्या बाटलीत, तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल, वजनाने साधारण बियांइतकंच. बी साठवणीत एक ढोबळ नियम चालतो: बियांमधली ओल १ टक्क्याने कमी झाली की आयुष्य सुमारे दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. त्यामुळे आधी कोरडं करणं महत्त्वाचं, थंड जागा नंतर. ओलसर बी फ्रीजमध्ये ठेवण्यात काही हशील नाही.

१० जानेवारी. कवचाची चाचणी लावली

रानमेथी आणि शेवरा शेंगावर्गीय, विष्णुक्रांता गारवेलीच्या कुळातली. दोन्ही कुळांत बियांचं कवच पाणी आत घेत नाही. असं बी ओल्या मातीत महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. सुप्तावस्था (बी जिवंत असूनही न उगवणं) कवचाची आहे की आतल्या अंकुराची, हे एका रात्रीत कळतं: ओल्या कागदावर बी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी फुगलं तर कवच अडवत नाही. तसंच टणक राहिलं तर कवचच अडवतंय.

प्रत्येक जातीचे ५० दाण्यांचे तीन गट केले.

पहिला गट जसाच्या तसा.

दुसरा घासलेला. झाकणाच्या पत्र्याच्या डबीला आतून १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला, बी टाकून जोरात हलवलं. दर ३० सेकंदांनी १० पट भिंगातून पाहिलं. कवचाची चकाकी जाऊन ते धुरकट दिसलं की थांबायचं. आतला फिकट भाग दिसू लागला म्हणजे जास्त झालं, अंकुर दुखावला.

तिसरा गरम पाण्यातला. पाणी ८० अंशांपर्यंत तापवून भांडं आचेवरून उतरवलं आणि मगच मलमलच्या पुरचुंडीतलं बी त्यात सोडलं. पाणी बियांच्या दहापट. तसंच १२ तास निवू दिलं. उकळत्या पाण्यात टाकलेलं बी फुगतं खरं, पण शिजून फुगतं. दोन दिवसांनी बोटात दाबलं की लिबलिबीत लागतं आणि त्यावर बुरशी धरते.

करंबल आणि जलपिंपळीला यातलं काही केलं नाही. त्यांची साधी उगवण चाचणी, एक गट उजेडात आणि एक काळ्या कागदाखाली.

२२ जानेवारी. चाचणीचा निकाल

५० पैकी किती उगवलं: रानमेथी साधी ५, घासलेली ४३, गरम पाण्यातली ३०. शेवरा साधा ७, घासलेला ४१, गरम पाण्यातला ३४. विष्णुक्रांता साधी ३, घासलेली ३६, गरम पाण्यातली १४; गरम पाण्यातल्या उरलेल्यांपैकी बऱ्याच कुजल्या. विष्णुक्रांतेला म्हणून फक्त घासणं.

जलपिंपळी उजेडात चांगली आली, काळ्या कागदाखाली जवळपास नाहीच. याचा अर्थ ती मातीने झाकायची नाही, नुसती दाबायची.

एक गोष्ट इथेच ठरवून टाकली. प्रोट्रेसाठीचं सगळं बी घासायचं. पण पट्टा क मध्ये थेट पेरायच्या बियांपैकी एक तृतीयांश न घासता ठेवायचं. पहिल्या पावसात सगळं एकदम उगवलं आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली तर सगळंच जातं. टणक कवच ही झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज आहे. ती पूर्ण मोडून टाकू नये.

२ एप्रिल. पट्टा क: माती तापवायला घेतली

गवत मुळांसकट ६ सेंमी खोलीपर्यंत काढलं. लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचल्या. साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एक सापडली की दोरा धरून पुढच्या शोधायच्या. माती ढेकळं फोडून सपाट केली, भरपूर पाणी दिलं आणि वाफसा आल्यावर ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून बसवला. कडा चर खणून मातीखाली गाडल्या. कागद आणि माती यांच्यात हवेची पोकळी राहिली तर खालची माती तापत नाही. काळा कागद चालत नाही: तो स्वतः तापतो, ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. सहा आठवडे ठेवायचा.

१९ एप्रिल. लव्हाळ्याची टोकं

तीन ठिकाणी लव्हाळ्याने कागदाला भोक पाडून सुईसारखं टोक वर काढलं. वरच्या थरातलं तणाचं बी तापवण्याने मरतं, खोलवरच्या गाठी मरत नाहीत. भोकं चिकटपट्टीने बंद केली. उघडी राहिली तर वाफ निघून जाते आणि त्या भोवतीची माती गार पडते. गाठीच्या जागा खुंट्या मारून ठेवल्या. कागद काढल्यावर त्या खणून काढायच्या.

८ मे. प्रोट्रे भरले

रोपं लावायची जूनच्या अखेरीस, म्हणजे सात आठवडे हातात. पट्टा ब मध्ये २० × २० सेंमीवर रोपं, म्हणजे चौरस मीटरला २५ आणि चार चौरस मीटरला १००. मर धरून ९८ कप्प्यांचे दोन ट्रे.

मिश्रण आकारमानाने: कोकोपीट २ भाग, धुतलेली बारीक वाळू १ भाग, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत १ भाग. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घेतलं, त्यातले क्षार निघून जाण्यासाठी. गांडूळखत मुद्दाम घातलं नाही. या जाती हलक्या मातीच्या आहेत. जास्त नत्र मिळालं तर रोप लुसलुशीत होतं, मुळाच्या कॉलरशी (देठ आणि मूळ जुळतात तिथे) सडतं आणि कप्प्यावर हिरवं शेवाळ धरतं.

शेंगावर्गीय दोन्ही जातींसाठी मूळ झाडांच्या बुंध्याशी असलेली मूठभर माती मिश्रणाच्या १० लिटरला घातली. मुळांवर गाठी करणारे जिवाणू त्या मातीत असतात. तशी माती मिळाली नाही तर चवळी गटाचं रायझोबियम चालतं: गुळाच्या पातळ पाण्यात कालवून बियांना चोळायचं, सावलीत अर्धा तास सुकवायचं आणि लगेच पेरायचं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात.

खोली: रानमेथी, शेवरा, विष्णुक्रांता ३ ते ५ मिमी. करंबल जेमतेम झाकेल इतकी वाळू. जलपिंपळी वरच, फळीने दाबून. कप्प्यात प्रत्येकी दोन बिया.

ट्रे विटांवर ठेवले आणि विटा पाणी भरलेल्या पसरट ताटल्यांमध्ये. ही मुंग्यांसाठीची खंदक. एवढं बारीक बी मुंग्या एका रात्रीत उचलून नेतात, आणि मग उगवण झाली नाही म्हणून बियांना दोष दिला जातो. पाणी रोज भरायचं. वाळलेलं एक पान ताटलीवर आडवं पडलं तरी मुंग्यांना पूल मिळतो.

१६ मे. उगवण

शेवरा चौथ्या दिवशी, रानमेथी पाचव्या, विष्णुक्रांता सातव्या, करंबल आठव्या. जलपिंपळी तुरळक.

रानमेथी आणि शेवरा सुरुवातीला जुळ्यांसारखे दिसतात, कारण रानमेथीची पहिली पानंही एकेरी असतात; तीन पानांची जोडणी नंतर येते. शेवऱ्याचं पान शेवटपर्यंत एकेरीच. म्हणून प्रत्येक जातीचे १० कप्पे वेगळे, चिठ्ठी लावून ठेवले. पुढे लॉनमध्ये निंदणी करताना आपलं रोप कोणतं आणि तण कोणतं हे या ओळखीच्या कप्प्यांशी पडताळून बघता येतं. पहिल्या वर्षी खुरप्याने सर्वात जास्त नुकसान होतं ते ओळख नसल्यामुळे.

२१ मे. रोपं कोलमडली

दुसऱ्या ट्रेच्या एका कोपऱ्यात ११ रोपं आडवी पडली. जवळून पाहिलं तर मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा आवळलेला, पाणचट तपकिरी. वरची बीजपत्रं मात्र अजून हिरवीगार. ही बुरशी आहे. कारणं दोन सापडली. तो कोपरा भिंतीच्या बाजूचा, तिथे वारा लागत नव्हता. आणि पाणी संध्याकाळी वरून झारीने दिलं जात होतं, रात्रभर देठ ओले.

कोलमडलेले कप्पे मातीसकट काढून टाकले, शेजारची एक रांगही काढली. ट्रे भिंतीपासून अर्धा मीटर पुढे घेतला. पाणी आता सकाळी आणि खालून: ट्रे १ सेंमी पाण्यात २० मिनिटं ठेवायचा, वरचा थर काळसर झाला की उचलायचा. पुढचं पाणी वरचा थर फिकट पडल्यावरच. कप्प्यांवर २ मिमी कोरडी वाळू भुरभुरवली, जलपिंपळीचे कप्पे सोडून. यानंतर मर थांबली.

१० जून. विरळणी आणि गाठी

प्रत्येक कप्प्यात एक रोप ठेवलं. दुसरं उपटायचं नाही, कात्रीने मातीलगत कापायचं. उपटताना शेजाऱ्याची मुळं तुटतात. कापलेल्या रानमेथीच्या चार रोपांची माती धुऊन मुळं पाहिली. टाचणीच्या डोक्याहून लहान गाठी दिसल्या. एक नखाने फोडली: आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे कामाची; पांढरी किंवा हिरवट असती तर जिवाणू नत्र धरत नाहीत असं समजावं. आता या दोन जातींना कोणतंही नत्रखत नको.

ट्रेवर ५० टक्के सावलीची जाळी होती, ती काढून पूर्ण उन्हात आणलं. विष्णुक्रांता सावलीत लांबट, फिकट होते आणि मग लावल्यावर मोडते.

१६ जून. पाऊस सुरू, पट्टा क ची पहिली खरवड

कागद मेच्या मध्यावर काढला होता. पहिल्या दोन पावसांनंतर उरलंसुरलं तण उगवलं. ते दोन पानांवर असताना खुरप्याच्या धारेने वरचा १ सेंमी थर फक्त खरवडला. खोल खणायचं नाही: खालचं तणाचं बी वर आलं की सहा आठवडे तापवलेली माती वाया. दहा दिवसांनी पुन्हा एकदा खरवडायचं आणि मग पेरणी. दोन आठवडे थांबणं जिवावर येतं, कारण ओल आहे, बी तयार आहे. पण ही थांबणूक पुढच्या दोन महिन्यांची निंदणी वाचवते.

२७ जून. लावणी आणि पेरणी

पट्टा अ: गवत ३ सेंमीवर कापलं, लोखंडी दाताळ्याने मधला सुका थर ओढून काढला, निम्मी माती दिसेपर्यंत. वर बी.

पट्टा ब: गवत ३ सेंमीवर कापलं. प्रत्येक रोपासाठी १० सेंमी व्यासाचं गवताचं चकतं मुळांसकट काढलं, ७ सेंमी खोल. प्रोट्रेच्या मुळांची गड्डी मधोमध, जमिनीच्या पातळीत. खोल लावलं तर कॉलर सडते, उंच राहिलं तर गड्डी कडेने वाळते. ९८ रोपं लावली: विष्णुक्रांता ३०, रानमेथी ३०, करंबल १८, शेवरा १०, जलपिंपळी १०, फक्त ओलसर कडेला. जलपिंपळी सांध्यासांध्याला मुळं धरते. तिला पट्ट्याच्या मध्यभागी जागा दिली तर दोन वर्षांत एकटी उरेल.

पट्टा क साठी बियांचा हिशेब असा केला. चौरस मीटरला २०० रोपं हवी. उगवणक्षमता ८० टक्के. उगवलेल्यांपैकी शेतात टिकतील २५ टक्के. म्हणजे २०० ÷ (०.८ × ०.२५) = १००० बिया. हजार बियांचं वजन १ ग्रॅम असेल तर चौरस मीटरला १ ग्रॅम. प्रत्येकाने आपल्या बियांचे २०० दाणे मोजून तोलावेत आणि पाचाने गुणावं; दुसऱ्याचा आकडा घेऊ नये. पट्टा अ ला तेवढंच बी दिलं, तुलना व्हावी म्हणून.

चार चौरस मीटरच्या बियांत २ लिटर कोरडी पांढरी वाळू मिसळली. अर्धी उभी फेकली, अर्धी आडवी. काळ्या मातीवर पांढरी वाळू कुठे पडली नाही ते दिसतं. मग फळी ठेवून तिच्यावर उभं राहून दाबलं. दाताळं फिरवलं नाही.

५ जुलै. जोराचा पाऊस

रात्रभरात पट्टा क वरची बरीचशी वाळू खालच्या कडेला जमली, तिच्यात बीही. उतार डोळ्यांना दिसत नव्हता. पाण्याची नळी लावून मोजला तर चार मीटरला ५ सेंमी. कडेला जमलेली वाळू बियांसकट गोळा करून पुन्हा पसरली. उताराला आडव्या, दर मीटरला, वाळक्या गवताच्या मनगटाएवढ्या जाड पेंढ्या खुंट्यांनी बसवल्या आणि ५० टक्क्यांची जाळी ३० सेंमी उंचीवर दहा दिवसांसाठी बांधली, थेंबांचा मार कमी करायला. हे पेरणीच्या दिवशीच करायला हवं होतं.

पट्टा ब ला काही झालं नाही. ९८ पैकी दोन गड्ड्या उघड्या पडल्या, माती लोटली.

२६ जुलै. खरा सामना

पावसाने हरळी सुटली आहे. पट्टा अ मध्ये गवत १४ सेंमी. वाकून पाहिलं तर खाली रोपं उगवलेली आहेत, पण उजेडाअभावी देठ पांढुरके, पानं मिरीच्या दाण्याएवढी. बियांनी त्यांचं काम केलं, गवताने त्यांना झाकलं. पट्टा ब मधल्या १० सेंमीच्या चकत्यांवर हरळीचे धुमारे चारही बाजूंनी पोचले आहेत.

कापणी: यंत्राचं पातं ७ सेंमीवर. कापलेलं गवत उचलून घेतलं. ते पसरून ठेवलं तर रोपं गुदमरतात आणि कुजून मातीत नत्र जातं, ज्याचा फायदा हरळीलाच जास्त. पट्टा ब मध्ये प्रत्येक चकत्याच्या कडेने खुरप्याचं टोक ३ सेंमी खोल गोल फिरवून आत शिरलेले धुमारे तोडले. ९८ चकत्यांना दीड तास. दर १५ दिवसांनी, सप्टेंबरपर्यंत हे करावंच लागेल.

युरिया नाही. रुंद पानांचं तण मारणारं २,४-डी तर अजिबात नाही, कारण इथलं प्रत्येक फूल रुंद पानांचं आहे. हुमणी अळीसाठी मातीत ओतायची कीटकनाशकंही बंद. बहुसंख्य एकल माश्यांची (पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची) घरटी जमिनीतच असतात.

१७ ऑगस्ट. फुलं

विष्णुक्रांता पट्टा ब मध्ये फुलली. सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत मिटते. यावरून कापणीची वेळ ठरली: संध्याकाळी. सकाळी कापलं तर त्या दिवसाची सगळी फुलं आणि त्यांवर बसलेल्या माश्या पात्याखाली जातात. शिवाय एका वेळी एकच तृतीयांश भाग कापायचा, पुढचा दहा दिवसांनी.

रानमेथीचं फूल मसुराच्या डाळीहून लहान, पानाच्या बगलेत. त्यावर फुलोरी ही लहान मधमाशीही मावत नाही. ५ मिमीच्या आसपासच्या काळपट माश्या येतात. अशी एक माशी बसली की खालच्या पाकळ्या तिच्या वजनाने झुकतात, आत दबलेले पुंकेसर उसळून तिच्या पोटाला लागतात, आणि मग ते फूल तसंच उघडं राहतं. त्यामुळे भेट झालेलं फूल आणि न झालेलं फूल नजरेनेच ओळखता येतं. सकाळी साडेनऊला मोजलेल्या ४० फुलांपैकी २२ उघडी होती.

करंबलाच्या कणसांवर फुलोरी आणि सातेरी या दोन्ही मधमाश्या.

२ सप्टेंबर. कुरतडलेली पानं

रानमेथीच्या पानांवर खिडक्या पडल्या आहेत: वरचा पापुद्रा शाबूत, खालचा हिरवा भाग खरवडलेला. फवारणी करायची नाही. कोवळ्या फुटीवर भिंगाखाली चपट्या, पांढुरक्या चकतीसारखी अंडी दिसली आणि पानामागे हिरवी, गोगलगाईसारखी चपटी अळी. लेसर ग्रास ब्लू या लहान निळ्या फुलपाखराची अळी रानमेथीवर वाढते. फूल नुसतं खाद्य देतं, पान पिल्लाला वाढवतं. लॉनमध्ये रानमेथी ठेवण्याचं निम्मं कारण हेच.

२० सप्टेंबर. मोजणी

जाड तारेची २५ × २५ सेंमीची चौकट प्रत्येक पट्ट्यात चार वेळा, न बघता टाकली. चार चौकटी म्हणजे पाव चौरस मीटर. आलेल्या आकड्याला चाराने गुणायचं.

पट्टा अ: चार चौकटींत ३, म्हणजे चौरस मीटरला १२. सगळी शेवऱ्याची, कारण उजेडासाठी उंच होणारा तोच. पट्टा क: ३१, म्हणजे १२४. अंदाज २०० चा होता. फरक बहुतेक ५ जुलैच्या पावसाचा, आणि न घासलेलं एक तृतीयांश बी अजून मातीत आहे. पट्टा ब: ९८ पैकी ८३ जिवंत, मेलेल्या १५ पैकी ९ विष्णुक्रांता, सगळ्या ओलसर कडेच्या.

म्हणजे चालू लॉनमध्ये नुसतं बी फेकायचं नाही. गवत काढणं शक्य असेल तर क ची पद्धत, नसेल तर ब ची, आणि चकतं १० ऐवजी १५ सेंमीचं. विष्णुक्रांता उंचवट्यावर आणि कोरड्या भागात, पाणी साचतं तिथे नाही.

१२ ऑक्टोबर. कापणी बंद

बोंडं धरली आहेत, त्यामुळे डिसेंबरपर्यंत यंत्र चालवायचं नाही. बी पडल्यावर एकदाच ७ सेंमीवर कापायचं. पट्टा क च्या उन्हाच्या बाजूला अर्धा मीटर जागा उघडी, न दाबलेली, न झाकलेली ठेवली. तिथे पेन्सिलीच्या शिशाएवढी सहा भोकं झाली आहेत, प्रत्येकाभोवती बारीक मातीचं कडं. सकाळी दहाला एकातून माशीचं डोकं दिसलं, मागच्या पायांना पिवळे पराग घेऊन दुसरी बाहेर थांबलेली.

पट्टा अ चं गवत एप्रिलमध्ये काढायचं. खुंट्या मारलेल्या जागांपैकी दोन ठिकाणी लव्हाळा पुन्हा आला आहे, त्या आधी खणायच्या.